जुन्या काँक्रीटच्या तुकड्यांतून माती अडवणारी भिंत: जाडी किती आणि पाणी कुठून काढायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. उताराच्या बागेत पाच मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर उंच माती अडवायची आहे आणि वरच्या वाफ्यात भाजीपाला लावायचा आहे. हाताशी जुन्या अंगणाचं फोडलेलं काँक्रीट, तीनशेच्या आसपास जुन्या विटा आणि चार रेल्वे स्लीपर आहेत. याच जागी आधी एका विटेची, म्हणजे २३ सेंटिमीटर जाडीची भिंत होती. ती दोन पावसाळे टिकली आणि मग अख्खी पुढे कलली. म्हणून तुम्ही विचारताय की या वेळी भिंत किती जाड करू, आणि सिमेंटात बांधू की नुसती रचू.

जाडीचा आकडा पुढे देतोच. पण तुमची भिंत मातीमुळे पडलेली नाही, मातीत साठलेल्या पाण्यामुळे पडली आहे. हे आधी पटलं तर पुढचे बरेच निर्णय आपोआप सोपे होतात, म्हणून थोडं गणित करू.

६० सेंटिमीटर उंचीची साधी, थोडी वाळूमिश्रित, ओलसर माती भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीला साधारण ११० किलोचा आडवा जोर देते. हा जोर पायापासून एकतृतीयांश उंचीवर, म्हणजे २० सेंटिमीटरवर लागतो असं धरायचं. भिंत पुढच्या कडेवर उलटवायची त्याची ताकद झाली ११० गुणिले २०, म्हणजे २,२०० किलो-सेंटिमीटर. तुमच्या विटेच्या भिंतीचं वजन दर मीटरला साधारण २६० किलो. ते जाडीच्या मध्यावर, म्हणजे पुढच्या कडेपासून ११.५ सेंटिमीटरवर बसतं. म्हणजे तिची पाय रोवून उभं राहायची ताकद ३,००० च्या आसपास. भिंत उभी राहिली, पण हातात फार काही शिल्लक नव्हतं.

आता जोराचा पाऊस लागला आणि मागची माती वरपर्यंत पाण्याने भरली असं समजा. पाण्यात माती स्वतः हलकी होते, पण पाण्याचा दाब वेगळा येतो आणि तो मातीच्या दाबापेक्षा मोठा असतो. दोन्ही मिळून मीटरला साधारण २३५ किलोचा जोर होतो आणि उलटवायची ताकद ४,७०० पर्यंत जाते. समोर ३,००० उभे. भिंत कलणारच. विटा चांगल्या होत्या की वाईट, मसाला कसा होता, याने यात फारसा फरक पडला नसता.

जाडी वाढवून हे सुटेल का? दीड विटेची, ३५ सेंटिमीटरची भिंत केली तर ती उलटणार नाही. पण तिचं वजन मीटरला ४०० किलोच्या घरात आणि पायाशी घर्षण वजनाच्या निम्मं धरलं तर ती २०० किलोपर्यंतचा आडवा जोर सोसेल. समोर २३५ आहेत. म्हणजे आता भिंत उलटण्याऐवजी सरकेल. उलट मागचं पाणी काढून टाकलं की जोर पुन्हा ११० वर येतो आणि तीच भिंत निश्चिंत उभी राहते. खडीची एक पट्टी आणि एक नळी जे काम करतात ते आणखी तीनशे विटांनी होत नाही. माझं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवती आहे.

हे आकडे सर्वसाधारण मातीचे आहेत. काळी चिकण माती असेल, भिजल्यावर फुगणारी आणि वाळल्यावर भेगाळणारी, तर तिचा जोर या हिशोबात मावत नाही. ती भिंतीला टेकूच द्यायची नाही. भिंतीमागे निदान ३० सेंटिमीटर खडी आणि त्यामागे शक्य तितका मुरूम, आणि पायाखालची अशी माती ३० सेंटिमीटर काढून तिथेही मुरूम कुटून भरायचा. दुसरी गोष्ट म्हणजे वर काय आहे. भिंतीच्या मागे एक-दीड मीटरच्या आत गाडी उभी राहणार असेल, पाण्याची टाकी असेल, किंवा वरची जमीन सपाट नसून आणखी चढत जात असेल, तर जोर बराच वाढतो. तिसरी गोष्ट उंची. उंची दुप्पट झाली की जोर चौपट होतो आणि उलटवायची ताकद आठपट. म्हणून ६० सेंटिमीटरची भिंत हे घरी करायचं काम आहे, पण मीटरभराच्या पुढे, किंवा घराच्या पायाजवळ, आराखडा स्थापत्य अभियंत्याकडूनच करून घ्या. ७५ सेंटिमीटरपेक्षा जास्त अडवायचं असेल तर मी एका भिंतीऐवजी दोन बुटक्या पायऱ्या सुचवतो. त्यांच्यात खालच्या भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर हवं, नाहीतर वरच्या भिंतीचा भार खालच्या भिंतीवर येतो.

आता सामान. तुमच्याकडच्या तीन गोष्टींपैकी भिंतीसाठी मी फक्त काँक्रीट घेईन.

स्लीपर आधी बाजूला काढा. जुन्या लाकडी स्लीपरांना सहसा क्रिओसोट, म्हणजे लाकूड टिकवायचं डांबरी तेल, पाजलेलं असतं. काळपट रंग, डांबरासारखा वास आणि उन्हात पाझरणारे चिकट थेंब ही त्याची खूण. ते मातीत उतरतं, म्हणून खायच्या भाजीच्या वाफ्याला ते लावूच नका. कापू नका आणि जाळू तर मुळीच नका. जुनं हिरवट झाक असलेलं, रसायन पाजलेलं बांधकामाचं लाकूड मिळालं तरी हेच लागू. त्यात आर्सेनिक असू शकतं. सिमेंटचे जुने पन्हाळी पत्रे कुणी फुकट देऊ केले तर त्यांनाही हात लावू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते आणि फोडताना उडणारी धूळ फुप्फुसात जाते.

विटांचं गणित असं. एका विटेच्या जाडीच्या भिंतीला चौरस मीटरला साधारण १०० विटा लागतात. पाच मीटर लांबी आणि जमिनीखालच्या भागासकट ७२ सेंटिमीटर उंची धरली तर ३६० विटा, त्यात जुन्या विटांतली मोडतोड वेगळी. तुमच्या तीनशे पुरणार नाहीत. शिवाय विटा कोरड्या रचून माती अडवता येत नाही, कारण एकेक वीट हलकी आणि छोटी असते; त्यांना मसाला लागतो, मसाल्याला काँक्रीटचा पाया लागतो. आणि जुनी वीट सतत ओल्या मातीला टेकली की कच्ची असल्यास दोनचार वर्षांत पापुद्रे सुटून झडते. वीट पक्की आहे का हे पाहायला दोन विटा एकमेकींवर हलकेच आपटा. खणखणीत आवाज यायला हवा. नखाने ओरखडा उठू नये. खात्री करायची असेल तर कोरडी वीट वजन करून २४ तास पाण्यात बुडवा. तीन किलोची वीट ३.६ किलोच्या वर गेली तर ती मातीत वापरायची नाही. पक्क्या निघतील त्या वाफ्यांमधल्या पायवाटेला वापरा, तिथे त्या शोभतात. पक्क्या विटांचे मुठीएवढे तुकडे खडीत मिसळायला चालतात. कच्च्या विटांचे तुकडे नकोत. ते ओल्यात विरघळून चिखल होतो आणि जी वाट पाण्यासाठी केली तीच बुजते.

राहिलं काँक्रीट. फोडलेली लादी हे खरोखर चांगलं सामान आहे. दोन बाजू सपाट असतात, जाडी सगळीकडे जवळपास सारखी आणि वजन घनमीटरला साधारण २,३५० किलो. सपाट दगडाच्या रचाईला जे जे हवं ते सगळं यात आहे. तेलाचे डाग असलेले तुकडे आणि रंग लावलेले तुकडे तेवढे वगळा. जुन्या रंगात शिसं असू शकतं. काँक्रीटमुळे माती अल्कधर्मी होते अशी एक रास्त भीती असते. ताज्या फुटलेल्या बाजूपासून थोडा चुना नक्कीच उतरतो, पण तुमच्या वाफ्यात आणि भिंतीत ३० सेंटिमीटर खडी येणार असल्याने भाजीच्या मुळांपर्यंत त्याचा त्रास पोचत नाही. फोडताना पडलेला काँक्रीटचा भुगा मात्र वाफ्यात मिसळू देऊ नका.

किती लागेल? भिंत पायाशी ४० सेंटिमीटर, माथ्याशी २८ सेंटिमीटर, एकूण उंची ७२. त्यातले १२ सेंटिमीटर जमिनीखाली. सरासरी जाडी ३४ धरून पाच मीटरला सव्वा घनमीटर भिंत होते. कोरड्या रचाईत पाचवा हिस्सा पोकळी असते, म्हणजे घट्ट काँक्रीट एक घनमीटर. लादी १० सेंटिमीटर जाड असेल तर हे झालं दहा चौरस मीटर. मोडतोड आणि आत शिरणारे लांब तुकडे धरून बारा चौरस मीटर लादी जमवा. एवढी नसेल तर भिंत बारीक करू नका, लांबी कमी करा आणि उरलेल्या टोकाला जमिनीला सौम्य उतार द्या. खडी दोन प्रकारची लागेल. पायासाठी कचीसकट, म्हणजे दगडाच्या बारीक भुग्यासकट असलेली, २० मिलिमीटरपर्यंतची, सुमारे ०.४ घनमीटर. भिंतीमागे भरायला २० ते ४० मिलिमीटरची, कच नसलेली, धुतलेली असेल तर उत्तम, सुमारे ०.९ घनमीटर. यांची अदलाबदल करू नका. कच असलेली खडी कुटल्यावर आवळून बसते, म्हणून पायाला हवी. मागे तीच टाकली तर पाणी अडवते. याशिवाय दीड मीटर पन्ह्याचं जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं) सहा मीटर आणि ७५ ते ११० मिलिमीटर व्यासाची पीव्हीसी नळी सहा मीटर. नळी जुनी चालेल.

लादीचे तुकडे कामाच्या मापाचे करून घ्या. ३० बाय ३० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा २१ किलोचा होतो, एका माणसाने दिवसभर उचलायला ती मर्यादा समजा. ३० बाय ४५ चा ३२ किलोवर जातो. ३० बाय ६० चे सातआठ तुकडे मात्र मुद्दाम राखून ठेवा, ते ४२ किलोचे असतात आणि दोघांनी उचलायचे. लादी फोडताना तिच्याखाली वाळू किंवा एक आडवा वासा ठेवा, छन्नीने रेघेवर दोन-तीन फेऱ्या मारा आणि मग घण घाला. कडक जमिनीवर ठेवून थेट घण घातला तर ती तारांगणासारखी सगळीकडे तडकते. आत सळई किंवा जाळी असेल तर ग्राइंडरने कापा. बाहेर राहिलेलं टोक गंजतं आणि हाताला लागतं. डोळ्यांना चष्मा, तोंडाला साधा रुमाल नव्हे तर धुळीचा योग्य मास्क, आणि कापताना पाणी मारा. काँक्रीटच्या धुळीतली सिलिका फुप्फुसाला कायमची इजा करते.

तुकड्यांचे ढीग जाडीप्रमाणे लावा. ८ सेंटिमीटरचे वेगळे, १० चे वेगळे, १२ चे वेगळे. कंटाळवाणं वाटतं, पण एका थरात एकाच जाडीचे तुकडे आले की रचाई दुपटीने लवकर होते आणि वर चिपा (पातळ कपचे) लावत बसावं लागत नाही.

खोदाई कोरड्या दिवसांत करा आणि उघडी कड पावसात सोडू नका. आधी त्या पट्ट्यात पाण्याची, गॅसची किंवा विजेची लाइन नाही ना, हे तपासा. चर ८० सेंटिमीटर रुंद: पुढे दहा मोकळे, चाळीस भिंतीचे, तीस मागच्या खडीचे. खोली समोरच्या जमिनीपासून २४ सेंटिमीटर: बारा पायाच्या खडीला, बारा जमिनीत गाडलेल्या पहिल्या थराला. तळाशी न उकरलेली घट्ट जमीन लागली पाहिजे. पहार सहज आत जात असेल तर आणखी खोल जा. चुकून जास्त खोदलं गेलं तर उकरलेली माती परत टाकून बरोबरी करू नका, खडी टाका. लांबीच्या दिशेने जमीन उतरती असेल तर तळ उतरता ठेवायचा नाही. सगळ्यात खालच्या टोकापासून सुरू करून एका थराच्या जाडीएवढ्या पायऱ्या पाडायच्या.

भिंतीखालच्या ५० सेंटिमीटर पट्ट्यात कचीची खडी दोन थरांत टाका. प्रत्येक थर थोडा ओला करून धुम्मसाने, म्हणजे दांड्याच्या जड ठोकणीने, कुटा. धुम्मस उसळून परत येऊ लागला की झालं. माथ्याची पातळी पाणीनळीने किंवा दोन मीटर लांब सरळ पट्टीवर लेव्हल ठेवून पाहा. इथे दोन सेंटिमीटरची चूक राहिली तर ती वरच्या प्रत्येक थरात निस्तरावी लागते, म्हणून अर्धा दिवस गेला तरी हरकत नाही.

पहिल्या थराला सगळ्यात मोठे आणि जड तुकडे. तुकड्याची कापलेली किंवा सरळ कड दर्शनी बाजूला, वेडीवाकडी कड मातीकडे. प्रत्येक तुकडा किंचित मागे, मातीकडे कलता बसवा. पुढे कलता एकही नको. वर उभं राहून पाहा, डुगडुगला तर उचला आणि खालची खडी नीट करा. डुगडुगणाऱ्या तुकड्याच्या पुढच्या कडेखाली चीप सारून तो थोपवणं ही सर्रास दिसणारी चूक आहे. पुढची चीप काही महिन्यांत निसटते आणि वरचे सगळे थर पुढे ओणवतात. चिपा नेहमी मागून ठोकायच्या.

भिंतीचा दर्शनी भाग सरळ ओळंब्यात नको, मागे झुकता हवा: दर ६० सेंटिमीटर उंचीला १० सेंटिमीटर. १० सेंटिमीटरच्या थरांना म्हणजे प्रत्येक थर पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास मागे. डोळ्यांनी हे जमत नाही. तीन पट्ट्यांचा एक काटकोन त्रिकोण ठोका, उभी बाजू ६० आणि आडवी १०. उभ्या बाजूला ओळंबा सोडा आणि तिरकी बाजू भिंतीला लावून पाहत राहा. दोन टोकांना असे झुकते खुंट रोवून त्यांच्यात दोरी ताणली आणि दर थराला ती वर सरकवली तर आणखी सोपं.

सांध्यावर सांधा येऊ देऊ नका. खालच्या सांध्यापासून वरचा सांधा निदान तुकड्याच्या लांबीच्या एकचतुर्थांश सरकलेला हवा, निम्मा सरकला तर सर्वांत चांगला. उभा सांधा तीन थर सलग वर गेला की त्या रेषेवर भिंत दोन भिंतींसारखी वागते. ४० सेंटिमीटरची जाडी बहुतेक ठिकाणी पुढचा एक आणि मागचा एक अशा दोन तुकड्यांनी भरेल. त्यांच्यामधली पोकळी काँक्रीटच्या लहान तुकड्यांनी घट्ट, हाताने बसवून भरा. फावड्याने खडी ओतून भरलेला गाभा नंतर खाली बसतो आणि दोन्ही चेहऱ्यांना बाहेर ढकलतो. राखून ठेवलेले ६० सेंटिमीटर लांबीचे तुकडे इथे कामी येतात. तिसऱ्या आणि पाचव्या थरात दर सव्वा मीटरला एक तुकडा आडवा, भिंत ओलांडून मागच्या खडीत वीस-पंचवीस सेंटिमीटर शिरेल असा टाका. तो पुढचा आणि मागचा चेहरा एकत्र बांधतो आणि त्याच्या शेपटीवर बसलेली खडी भिंतीला मागे धरून ठेवते. मधोमध पोट सुटलेल्या रचाईत बहुतेक वेळा हेच तुकडे नसतात.

आता पाण्याची वाट. दुसरा थर चढवण्याआधीच कापड आणि नळी टाकून घ्या, नंतर हात पोचत नाही. खोदलेल्या मातीच्या कडेवर कापड वरपासून खालपर्यंत लावा, तळावर वळवून भिंतीच्या मागच्या कडेपर्यंत आणा आणि वरचं टोक मोकळं सोडा. कापडाच्या एका बाजूला माती, दुसऱ्या बाजूला खडी. मग नळी. तिला ८ ते १० मिलिमीटरची भोकं दोन ओळींत, दर १० सेंटिमीटरवर पाडा आणि भोकांच्या ओळी खालच्या बाजूला ठेवा. वरून पडणारं पाणी नळीत घ्यायचं नसतं. तळाशी साचून वर येणारं पाणी भोकांतून आत शिरावं आणि वाहून जावं. नळीला मीटरला एक सेंटिमीटर उतार द्या.

नळीचं दुसरं टोक कुठे निघणार हे चर खोदण्यापूर्वी ठरवा. बागेचा खालचा भाग चराच्या तळापेक्षा खाली असेल तर नळी तळाशी ठेवून तिकडे बाहेर काढा. तसा उतार नसेल तर चराच्या तळाशी ठेवलेल्या नळीत पाणी येईल पण जाणार कुठेच नाही, आणि पाया सतत भिजत राहील. अशा जागी भिंतीमागचा चर समोरच्या जमिनीच्या पातळीपर्यंत चिकट मातीने कुटून भरा, त्यावर कापड आणि नळी ठेवा आणि नळी भिंतीतून पुढे काढा. बाहेरच्या टोकाला जाळी लावा, नाहीतर उंदीर घर करतात. कोरड्या रचाईतून पाणी सांध्यांतूनही झिरपतं, त्यामुळे नळी कधी तुंबली तरी भिंत लगेच धोक्यात येत नाही. कोरडी रचाई निवडायचं माझं मुख्य कारण हेच आहे. शिवाय जमीन थोडी बसली तर ती सोबत थोडी हलते आणि टिकते, मसाल्याची भिंत तडकते.

भराव थरांसोबतच चढवायचा. भिंतीचा एक थर, मग मागे खडी, मग कापडापलीकडे माती. भिंत पुरी करून मग मागे भरलं तर लांब तुकड्यांच्या शेपट्यांखाली पोकळी राहते. माती १५ सेंटिमीटरच्या थरांत टाकून हाताच्या धुम्मसाने कुटा; यंत्र भिंतीपासून मीटरभर दूर ठेवा, त्याचे हादरे ताज्या रचाईला ढकलतात. खडी माथ्याखाली १५ सेंटिमीटरवर थांबवा, कापडाचं मोकळं टोक तिच्यावरून भिंतीपर्यंत दुमडा आणि वर बागेची माती घाला. हे दुमडणं विसरलं की पहिल्याच पावसात वाफ्याची माती खडीत उतरते, भिंतीमागे लांबट खळगा पडतो आणि खडी बुजायला सुरुवात होते.

इथवर पाहिलं तर चार गोष्टी एकत्र काम करतात: न हलणारा पाया, मागे झुकलेला चेहरा, आत शिरलेले लांब तुकडे आणि मोकळी खडी. पहिल्या तिन्हींत थोडं कमीजास्त झालं तर भिंत बरंच सांभाळून घेते. चौथीत तडजोड केली तर तुम्ही पुन्हा त्या ४,७०० च्या आकड्यापाशी येता.

शेवटच्या थराला पूर्ण जाडी झाकतील असे रुंद, सपाट तुकडे ठेवा. यावर लोक बसतात, पाय देतात, म्हणून फक्त हा थर एकास पाच सिमेंट-वाळूच्या मसाल्यात बसवायला हरकत नाही. बाकी भिंतीचे दर्शनी सांधे मात्र सिमेंटने लिंपू नका. नीटनेटकं दिसावं म्हणून बरेच जण शेवटी तेच करतात आणि पाण्याच्या शेकडो वाटा एका दुपारी बंद होतात.

मसाल्यातच बांधायची असेल, जागा अरुंद असल्यामुळे ४० सेंटिमीटर देता येत नसतील, तर वेगळा हिशोब. निदान १५ सेंटिमीटर जाडीचा आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना १० सेंटिमीटर बाहेर निघणारा काँक्रीटचा पाया, एकास सहा मसाला, आणि समोरच्या जमिनीपासून १० सेंटिमीटरवर, दर सव्वा मीटरला ५० मिलिमीटरची पाणी निघायची नळी. तिच्या मागच्या तोंडाशी जाळी आणि मोठी खडी. मागची खडीची पट्टी आणि कापड इथेही तसंच, उलट इथे ते जास्त गरजेचं, कारण पाण्याला सांध्यांतून निघायची सोय नाही.

वाफ्याच्या बाजूने दोन सवयी लावून घ्या. वरच्या उताराचं पाणी वाफ्यात येण्याआधीच हातभर रुंद, उथळ चर काढून बाजूला वळवा. आणि भाजीला पाणी पाटाने सोडण्याऐवजी ठिबकने किंवा झारीने द्या. रोज भिंतीमागे पाणी मुरवलं तर ऋतू कोणताही असो, भिंत कायम पावसाळ्यातच उभी असते. भिंतीच्या जवळ पालेभाज्या, मिरची, वेल काहीही लावा. झाड मात्र नको, मुळं जाड होत जातात आणि सांधे उघडतात.

पुढे काही बिघडलंच तर भिंत स्वतःच कारण सांगते. मधोमध पोट आलं तर आडवे लांब तुकडे कमी पडले किंवा गाभा पोकळ राहिला. तळ पुढे सरकला तर पहिला थर पुरेसा गाडलेला नाही. अख्खी भिंत कलली तर मागे पाणी साठतंय किंवा पुढच्या कडेखालचा पाया बसतोय. सांध्यांतून गढूळ पाणी आलं तर कापड फाटलंय किंवा कुठेतरी उघडं पडलंय. स्वच्छ पाणी आलं तर काळजीचं कारण नाही. कोरड्या रचाईत बिघडलेला एक मीटर उतरवून तेवढाच पुन्हा रचता येतो, बाकीला हात लावावा लागत नाही. दोन्ही टोकांना आणि मध्यावर माथ्याच्या दगडापासून समोर रोवलेल्या पक्क्या खुंटीपर्यंतचं अंतर आत्ताच मोजून लिहून ठेवा. पहिल्या मोठ्या पावसानंतर आणि मग पावसाळा संपताना पुन्हा मोजा. पहिल्या वर्षी एखादा सेंटिमीटर हललं तर ते बसणं आहे. दुसऱ्या वर्षीही हलतच राहिलं तर आधी नळीचं तोंड पाहा. पाऊस पडून गेल्यावर तासाभरात तिथून पाणी येत नसेल, तर मागची खडी तिथूनच उकरून पाहायला सुरुवात करा.